देवगडच्या मिस्त्रीकाकांना, एका पांढऱ्या थाळीबद्दल

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही बोटींची इंजिनं सांभाळणारे, तरी आमच्या टीमच्या रेसकारचं इंजिन वाचवलंत. पैसे घेतले नाहीत, चहा उलट तुम्हीच पाजलात, आणि आभार मानायला तोंड उघडलं तर "ह्या कित्याक?" म्हणून पुन्हा बोटीत उतरलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता उठून जाता यायचं नाही.

ज्यांना गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजच्या पोरांनी पाइप वेल्ड करून बांधलेली, एका माणसाची, उघड्या चाकांची ही रेसकार. ड्रायव्हरच्या पाठीमागे मोटारसायकलचं एक सिलिंडरचं ३७३ सीसी इंजिन. स्पर्धेच्या नियमात इंजिन ७१० सीसीच्या वर चालत नाही, आणि पेट्रोलच्या गाडीला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून ओढावी लागते. त्यामुळे सरळ रस्त्यावर फार काही हाती लागत नाही, वेळ मारायचा तो वळणात. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या टीमांच्या स्पर्धेत एक चाचणी असते ती आठच्या आकड्याची: आधी उजवीकडे दोन फेऱ्या, मग डावीकडे दोन. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, वाट ३ मीटर रुंद. एक फेरी सहा सेकंदांत मारली की गाडीवर बाजूने साधारण तिच्या वजनाएवढाच जोर पडतो.

इंजिन मरत होतं ते याच आठच्या सरावात. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग शेल (आतल्या अर्धगोल पट्ट्या) दोनदा गेले. आधी खडखड, मग ठोका, मग बंद.

तुमच्याकडे यायच्या आधी हे इंजिन दोन चकचकीत वर्कशॉपांत जाऊन आलं होतं. नावं घेत नाही, तुम्हालाही ती आवडणार नाहीत. पहिल्यांनी इंजिन न उघडताच निदान केलं, "पोरांनी रेव्ह मारलेत." नवे शेल घातले, बिलावर "जनरल चेकअप" लिहिलं आणि सुट्टे पैसे नाहीत म्हणून वरचे वीस रुपये ठेवून घेतले. दुसऱ्यांनी घट्ट तेल घालायला सांगितलं. तेलाच्या पंपाच्या तोंडाशी जर तेलच पोचत नसेल तर ते घट्ट असलं काय नि पातळ असलं काय! जुना फिल्टर दोघांनीही उलगडला नाही. "हे खेळणं आहे, आमचं कस्टमरचं काम अडलंय," हे मात्र दोघांनीही ऐकवलं.

तुमचंही काम अडलंच होतं, काका. हंगाम भरात होता, दोन बोटी धक्क्याला लागून होत्या आणि तांडेल, म्हणजे बोटींचे म्होरके, डोक्याशी उभे होते. तरी तुम्ही आधी हात धुतलेत. मग घरातली टवके उडालेली पांढरी थाळी आणून सम्पचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचा, बोल्ट सोडलात आणि पहिलं अर्धा लिटर तेल तिच्यात घेतलंत. थाळी उन्हात धरून हळूच तिरकी केलीत. तेल ओसरलं तिथे बारीक चंदेरी चमक राहिली, मोरीत सांडलेल्या बांगड्याच्या खवल्यांसारखी. चुंबक फिरवलंत, चमक जागची हलली नाही. चुंबकाला चिकटतं ते लोखंड, म्हणजे गिअरचे दात, चेन, रिंगा. न चिकटता तेलात नुसतं चमकत राहतं ते बहुतेक वेळा बेअरिंगचं मऊ अस्तर. मग फिल्टरचा कागद उलगडून अंगठ्याने पिळलात, त्यातूनही तेच निघालं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. थाळीत काय आहे हे तुम्हाला पहिल्या नजरेतच कळलं होतं. तरी सगळ्यांच्या मागे, हातात नुसता टॉर्च धरून उभी असलेली पहिल्या वर्षाची मुलगी होती, तिच्यापुढे थाळी धरलीत आणि विचारलंत, "तू सांग गो, काय दिसता?" तिने चाचरत सांगितलं, "चमकतंय, पण चुंबकाला लागत नाहीये." तुम्ही म्हणालात, "बरोबर." एवढंच. दोन महिने जिथे जावं तिथे कोणी चालवली, किती तापवली, कोणाची चूक, हीच चौकशी चालली होती. काय दिसतंय असं तोवर कोणी विचारलंच नव्हतं. आज टीममधल्या तेलाच्या नोंदी तीच ठेवते: तारीख, इंजिनाचे तास, थाळीचा फोटो, चुंबकाला किती लागलं.

आणि मग ते वाक्य, जे आता वर्कशॉपच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे. "मोटारसायकल वळताना कलता, म्हणान त्याल तळाक ऱ्हवता. तुमची गाडी कलणा नाय, मगे त्याल कलता."

मोटारसायकलचं इंजिन गाडीत बसवणाऱ्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यावं. वळणात दुचाकी आत झुकते, त्यामुळे वजन आणि बाहेरचा जोर यांची बेरीज इंजिनाच्या तळाकडेच ओढत राहते आणि तेलाला आपण वळतोय याचा पत्ताच लागत नाही. चारचाकी आडवीच राहते. बाजूचा जोर वजनाएवढा झाला की सम्पमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरपा होतो. या इंजिनात पंप ज्यातून तेल ओढतो ती जाळी सम्पच्या उजव्या अंगाला आहे. उजवं वळण घेतलं की तेल डावीकडे चढतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. ८,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १३३ फेरे घेतो, दोन सेकंद तेल नसलं तर अडीचशेहून जास्त फेरे सुके. आठच्या आकड्यात उजवीकडच्या दोन फेऱ्या म्हणजे सलग बारा सेकंद. डाव्या फेऱ्यांत काही बिघडत नव्हतं, म्हणूनच दोष सापडत नव्हता. तेलाचा लाल दिवा तर प्रेशर जवळपास संपल्यावर लागतो, आणि वळणात ड्रायव्हरची नजर वाट आखणाऱ्या शंकूंवर असते.

लाटांत कुशीवर झुलणाऱ्या बोटीच्या इंजिनाचं तेल सांभाळणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही.

उपाय इथे नीट लिहून ठेवतो, दुसऱ्या कुठल्या टीमला उपयोग होईल. जाळीभोवती २ मिमी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची ४० मिमी उंच पेटी, वरून उघडी. डाव्या आणि उजव्या भिंतीला एकेक झडप, दोन्ही फक्त आत उघडणाऱ्या: तेल आत शिरतं, बाहेर निघताना झडप आपोआप मिटते. बिजागरीला स्टेनलेसची तार. झडपेला तेलात टिकणारं नायट्राइल रबर. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावायचा मोह होतो, पण तो गरम तेलात फुगतो आणि झडप अडकते. अशा वेळीही थोडं तेल आत यावं म्हणून तळाशी ५ मिमीची दोन छिद्रं. पेटी एम६ बोल्टने, थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून बसवायची. पॉप रिवेट इथे नकोच, त्याच्या आतल्या खिळ्याचं डोकं कधीतरी सुटून सम्पमध्ये पडतं. तुम्ही तसं सुटलेलं एक डोकं डब्यातून काढून दाखवलंत, तेव्हा वाद मिटला.

जाळी आणि सम्पचा तळ यांतलं अंतर मोजायला तुम्ही घरून तांदळाच्या उकडीचा गोळा मागवलात, हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तळाशी ठेवला, सम्प गॅस्केटसकट आवळला, उघडला, चपटी झालेली उकड कापून मोजली. साडेतीन मिमी भरली. जाळी इतकी तळाला टेकली की पंपाची ओढ गुदमरते, फार वर राहिली की हवा लवकर शिरते. तुम्ही ६ मिमीवर आणलंत. (उरलेली उकड काकूंनी आम्हाला खायला घातली. पिशवीतली नव्हे, दुसरी.)

तेल जास्त भरून भागेल का, या प्रश्नावर तुम्ही हसलात. पातळी फार वाढली की क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेसावर प्रेशर धरत नाही. वर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेल बाहेर येतं. ते धरायला नियमाने किमान ९०० मिलीचा डबा लागतोच, पण डबा भरतोय म्हणजे इंजिन रिकामं होतंय.

शेवटी तेलाचा दाब दाखवणारा बोटीवरचा जुना काट्याचा गेज टी-जोड लावून जोडलात आणि कातळावर सुंभाची दोरी खुंटीला बांधून चुन्याची वर्तुळं आखलीत. पेटी बसवण्याआधी उजव्या फेरीत काटा तीन किलोवरून अर्ध्या किलोवर पडत होता. पेटीनंतर अडीचच्या खाली आला नाही. शेल बदलले, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा थाळी धरली. तेल काळं होतं, चमक नव्हती.

अमेरिकेत १९९२ पासून लेजंड्स नावाच्या गाड्यांच्या शर्यती होतात. जुन्या मोटारींच्या पाच-अष्टमांश आकाराच्या, सगळ्या एका साच्याच्या गाड्या, आत यामाहाचं मोटारसायकलचं इंजिन. आधी ११८८ सीसी, पुढे १२५१ सीसीचंही आलं. सगळ्यांकडे तेच यंत्र असलं की पैशाने फारसा फरक विकत घेता येत नाही, कोण किती लक्षपूर्वक बघतो यावर बरंच ठरतं. तुम्ही तिथे असता तर बऱ्याच जणांची पंचाईत होती, असं उगाच वाटून जातं.

बंदरावर "हे माझं काम नाही" असं क्वचितच ऐकू येतं, हे तुमच्या शेडमध्ये बसून दिसलं. समुद्रात इंजिन बंद पडलं तर वर सहा-सात माणसं असतात, तिथे बिल कोणाच्या नावे फाडायचं याला अर्थ नसतो. तीच सवय तुम्ही एका खेळण्याच्या इंजिनापर्यंत आणलीत. त्या दुसऱ्या वर्कशॉपच्या काउंटरवर "ग्राहक हाच देव" अशी पाटी होती. तुमच्या शेडमध्ये पाटी नाही, एक पिवळा बल्ब आहे, तोही तुम्ही आमच्या गाडीवर ओढून घेतला होता आणि तांडेल अंधारात उभे होते. त्यांनाही नमस्कार सांगा.

गेज परत पाठवलाय, काच नवी घातली आहे. झडपांचं रबर पुढच्या सम्पच्या वेळी बदलू, सांगितल्याप्रमाणे कडक झालंय का ते आधी दुमडून बघू. थाळी मात्र अजून इथेच आहे. धुतली, पण चुंबक फिरवून उमटलेला करडा गोल तळाला राहिलाय, तो निघत नाही. काकूंना चालणार असेल तर नवी थाळी आणून देतो, ही राहू द्या.