स्वरयंत्रासोबत वासही जातो, हे आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमचे अण्णा करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर तीस-पस्तीस वर्षं गुळव्याचं काम करायचे. काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, कधी उतरवायची हे ते बुडबुड्यांवरून ठरवत, पाण्यात गोळी करून बघत. पण त्याआधीच त्यांच्या नाकाला कळलेलं असे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशन करून स्वरयंत्र पूर्ण काढलं. ते आज आमच्यात आहेत, हे डॉक्टरांचे उपकार आहेत आणि ते मी विसरणार नाही.

ऑपरेशनआधी आम्हाला बसवून पुष्कळ समजावलं होतं. आवाज जाईल, श्वास मानेवरच्या छिद्रातून चालेल, अंघोळ करताना पाणी आत जाऊ द्यायचं नाही, छिद्रावर कापड बांधायचं, घशात बोलण्यासाठीचा छोटा व्हॉल्व्ह बसवला की बोलता येईल. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात वासाबद्दल एक शब्द नाही.

कारण तसं साधं आहे. वास घेण्याचा पडदा नाकाच्या वरच्या टोकाला असतो आणि श्वासाबरोबर हवा तिथपर्यंत जाते. श्वास मानेतून सुरू झाला की नाकात हवा फिरतच नाही. घास चावताना घशामागून नाकात चढणारा वासही कमी होतो, म्हणून जेवणाची चव मेल्यासारखी होते. अण्णा अर्ध्या ताटावरून उठायला लागले. आईने मसाला बदलला, तिखट वाढवलं, शेवटी एक दिवस चुलीपाशी बसून रडली. ‘माझ्या हातचं आता गोड लागत नाही त्यांना,’ म्हणाली. आम्ही समजत होतो की आजारपणाने त्यांचं मन खचलंय.

मग एका सकाळी दूध उतू जाऊन गॅसची शेगडी विझली. अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पेपर वाचत बसले होते. मी गोठ्यातून आले तर दारातच भपकारा आला. धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. अण्णा चकित होऊन माझ्याकडे बघत होते, काय झालं ते त्यांना कळेना. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. ज्याचं नाक बंद आहे त्याला त्याचा काय उपयोग? आता आमच्याकडे गॅसचा अलार्म बसवला आहे. अशा प्रत्येक घरात तो हवाच.

पुढच्या तपासणीला मी स्वतःहून विषय काढला, तेव्हा स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक युक्ती शिकवली. मोठ्यांसमोर जांभई आली की आपण ओठ मिटून ती दाबतो ना, तशी करायची. ओठ बंद, जबडा आणि जीभ खाली. तोंडातली जागा वाढते आणि नाकातून हवा ओढली जाते. ॲमस्टरडॅमच्या कर्करोग संस्थेतले फ्रान्स हिल्गर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत २००० साली प्रसिद्ध केली आहे. सगळ्यांनाच जमते असं नाही, पण हिला खर्च काहीच नाही. अण्णा आरशासमोर बसून रोज करायचे. चुलवाणाजवळ धूर आणि राख मानेतून आत जाते म्हणून गुऱ्हाळावर जाणं बंदच आहे, तेव्हा माझा मुलगा वाटीत गरम काकवी घेऊन आला. अण्णांनी वाटी नाकाजवळ धरून चार-पाच वेळा तशी जांभई दिली. मग पाटीवर लिहिलं, ‘तळाला लागलीय.’ मुलाने गुऱ्हाळवाल्याला विचारलं, तर खरंच लागली होती.

नाक-सायनसच्या कर्करोगात किरणोपचारांनीही वास मंदावतो, काहींचा काही महिन्यांनी थोडाफार परततो. कोविडनंतर, गेलेला वास परतावा म्हणून गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग रोज हुंगण्याचा सराव पुष्कळांना ठाऊक झाला. पण स्वरयंत्र काढलेल्या माणसाच्या नाकात आधी हवा तर पोचली पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वरयंत्र काढल्याने आलेलं वाचेचं अपंगत्व धरलं आहे, ते योग्यच आहे. मात्र त्यातल्या २१ प्रकारांत वास नाही. कायदा बदलायला वेळ लागेल हे मी समजू शकते. ऑपरेशनआधीच्या त्या बोलण्यात ‘वास जाईल’ हे एक वाक्य घालायला मात्र वेळ लागत नाही. बोलण्याचा सराव शिकवतात त्याच बैठकीत ही जांभईही शिकवावी, आणि डिस्चार्ज कार्डावर अंघोळीच्या सूचनेखाली गॅसच्या अलार्मची एक ओळ छापावी, एवढी माझी सर्व कर्करोग रुग्णालयांना हात जोडून विनंती आहे.

आपली,
एक वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर