प्लेअरच्या खोक्यावर एवढं तरी छापा

मा. संपादक,

सासवडला माझं रेडिओ-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माउलींची पालखी इथे मुक्कामाला येते तेव्हा गळ्यात अडकवायचे, मेमरी कार्डावरचे अभंग-गाणी वाजवणारे छोटे प्लेअर घेऊन माणसं येतात. तक्रार ठरलेली: "कार्ड घातलं, पण बोलत नाही."

प्लेअर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. कुणीतरी ६४ जीबीचं कार्ड त्यांच्या गळ्यात मारलेलं असतं. ३२ जीबीच्या वरची कार्डं कंपनीतूनच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतात आणि स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरना फक्त फॅट३२ कळतं. (दोन्ही म्हणजे कार्डावर फायली मांडून ठेवायच्या पद्धती.) घरातला पोरगा विंडोजवर फॉरमॅट बदलायला जातो, तर एवढ्या मोठ्या कार्डाला यादीत फॅट३२ दिसतच नाही. त्याला सहसा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. हे आजोबांनी कुठून ओळखायचं? खोक्यावर रंगीत दिवे आणि स्पीकरचे वॅट (तेही फुगवलेले!) ठळक छापतात. 'फॅट३२, ३२ जीबीपर्यंत' छापायला मात्र शाई पुरत नाही.

वायरीचंही तेच. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन डेटाच्या. काही हलक्या वायरींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, मग कॉम्प्युटरवरून गाणी भरता येत नाहीत. चार्जिंग होतंय म्हणजे वायर चांगली, असं समजून लोक प्लेअरलाच दोष देतात.

पण खरं नुकसान होतं ते 'हो' दाबल्याने. कार्ड वाचता आलं नाही की कॉम्प्युटर विचारतो, फॉरमॅट करू का? एका ताईंच्या कार्डात त्यांच्या सासऱ्यांनी म्हटलेला हरिपाठ होता. सासरे आता नाहीत. नातवाने 'हो' दाबलं आणि वर लग्नाची गाणी भरली. क्विक फॉरमॅटमध्ये सहसा फायलींची यादी तेवढी जाते, आवाज कार्डातच असतो. वर काही भरलं नसतं तर बराचसा परत आला असता. मला थोडेच अभंग काढता आले, तेही मध्येच तुटलेले. तेव्हा चुकून फॉरमॅट झालंच तर कार्डाला हात लावू नका, गाणी भरून बघू नका, तसंच जाणकाराकडे न्या.

पाकिटबंद मालावर किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापणं वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) नियमांनी सक्तीचं आहे. त्याच खोक्यावर चालणारा फॉरमॅट, कार्डाची मर्यादा आणि वायर 'फक्त चार्जिंग'ची असल्यास तसं, हेही मराठीत छापणं सक्तीचं करावं.

– एक दुकानदार, सासवड