कॅमेरा राहू दे, तू ये

चि. समीर,

अनेक आशीर्वाद. आईवर आणि माझ्यावर तिकडून लक्ष ठेवायला तू पाठवलेला कॅमेरा आला, बॉक्समध्येच आहे आणि मी तो लावणार नाहीये. रागावलो नाहीये, पण फोनवर आपलं दोन मिनिटांत बिनसतं म्हणून लिहूनच टाकतो.

तो अमेरिकेतला १९९९ चा अभ्यास पाठवलास ना, ६३ टक्केवाला, आजारी नवऱ्याचं नाहीतर बायकोचं करणारे म्हातारे लवकर जातात म्हणे. मला घाबरवायलाच पाठवलास, कळलं. पण आयुष्य बँकेत गेलंय माझं, कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाही मी. त्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त दिसला तो ज्यांना करताना ताण जाणवत होता त्यांच्यात, जे करत होते पण ताण वाटत नव्हता त्यांच्यात तसा ठळक फरक सापडलाच नाही. मग मला ताण कशाचा येतो ते तरी विचारायचंस की.

आईची अंघोळ, रात्री तिची कूस बदलायला उठणं, याने पाठ दुखते, बाम चोळला की भागतं. डोकं उठतं ते आपल्याच घरात आपल्या हातात काही नाही असं झालं की. मागे तू मला न विचारता ब्युरोतून चोवीस तासांची बाई लावलीस. बाई चांगली होती, पण तिने पहिल्याच दिवशी वरणभात-दही झाल्यावर आईची पार्किन्सन्सची गोळी, लेव्होडोपा, दिली आणि ती लागलीच नाही, आई दुपारभर खुर्चीत लाकडासारखी. लेव्होडोपा प्रोटीनबरोबर पोटात गेली की नीट काम करत नाही, म्हणून जेवणाआधी अर्धा तास, फ्रिजवर लिहून लावलंय तरी. सकाळची गोळी घेतली की थोड्या वेळाने आई मोकळी होते, मग तेवढ्यात अंघोळ, वेणी, देवाला दिवा सगळं उरकायचं. हे टायमिंग मी बसवलंय आणि ते जमलं की तिचा पण दिवस चांगला जातो आणि माझा पण.

बाथरूमच्या दाराशी तिचे पाय जमिनीला चिकटतात ते तू बघितलंयस. फिजिओ म्हणाले ओढू नका, जमिनीवर आडव्या रेघा द्या. पिवळी टेप आणून पाऊलभर अंतराने पट्ट्या मारल्या, आता मी डावा-उजवा म्हणतो आणि ती एकेक पट्टी ओलांडत जाते. परवा मला म्हणते, या वयात लंगडी खेळायला लावताय होय! टेप पाण्याने सुटते, सारखी बदलावी लागते, ते सोड.

कॅमेऱ्याचं आईला विचारलंस का? मी विचारलं, नको म्हणाली. तिच्याही हातात फार थोडं उरलंय रे, कुठला गाऊन घालायचा आणि आपल्याला कोणी बघायचं, एवढं तरी तिचं असू दे.

तर मला हवंय ते असं. दुपारी तीन ते सहा बाई हवी, ती मी बघून ठेवणार, गोळ्यांचं मी शिकवणार. पैसे तू दे, त्यात मला कमीपणा नाही. तेवढ्यात मी वाचनालयात जाऊन पेपर वाचीन, बुद्धिबळाचा एखादा डाव होईल. डॉक्टरांशी परस्पर बोलू नकोस, मलाही लाइनवर घे, गोळीचा डोस वाढवलेला मला मेडिकलवाल्याकडून कळतो हे बरं नाही.

आणि दिवाळीनंतर आठ दिवस इथे राहून काम कर. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं बुकिंग ६० दिवस आधी सुरू होतं, आत्ताच तारीख ठरव. आलास की आधी सगळं दाखवतो, मग मी कोल्हापूरला आत्याकडे जाऊन झोपणार आहे, सलग, रात्रभर. फोन करायचा नाही. अगदीच आई पडली-बिडली तर आत्याच्या नंबरवर कर. येताना चिवडा वगैरे आणू नकोस, तिला गिळायला त्रास होतो. तो मऊ म्हैसूरपाक आण, पाव किलोच, मलाही शुगर आहे.

बाबा