वेर्नर कॉख यांस: सहीबद्दल, बिलाबद्दल आणि ‘आता देणगी नको’ म्हटल्याबद्दल

आदरणीय वेर्नर कॉख यांस,
स.न.वि.वि.

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींच्या सर्व्हरवर ‘ॲप्ट अपडेट’ ही सॉफ्टवेअरच्या याद्या ताज्या करणारी कमांड मारली की सगळ्यात आधी इनरिलीज नावाची एक फाईल उतरते. तिच्यावर डिजिटल सही असते. ती खरी की बनावट, हे वर्षानुवर्षं तपासत आला तो तुम्ही लिहिलेल्या जीएनयूपीजी (थोडक्यात जीपीजी) या सही आणि एन्क्रिप्शनच्या मुक्त सॉफ्टवेअरमधला चिमुकला प्रोग्रॅम, जीपीजीव्ही. सही जुळली तर त्या फाईलीतल्या शा-२५६ हॅशवर (मजकुरावरून काढलेल्या ठशावर) भरवसा, त्या हॅशवरून पॅकेजांच्या यादीवर, आणि यादीवरून प्रत्येक पॅकेजाच्या डेब फाईलीवर. सगळं सुरळीत असताना हे कुणाला दिसत नाही. ‘नो पबकी’ (सही तपासायची चावी सापडली नाही) अशी ओळ आली की मात्र सगळ्यांना एकदम जीपीजी आठवतं. म्हणून काही बिघडलेलं नसताना हे पत्र.

१९९७ मध्ये, अमेरिकेचे क्रिप्टोग्राफीवरचे निर्यात-निर्बंध कडक असताना, युरोपातल्या कुणीतरी पीजीपी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमला मुक्त पर्याय लिहावा, असं मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन जर्मनीत बोलले आणि तुम्ही ते मनावर घेतलंत. १.० आवृत्ती १९९९ मध्ये आली. २००१ पासून पुढची बरीच वर्षं तुमची कमाई वर्षाला सरासरी २५,००० डॉलरच्या आसपास होती. २०१३ मध्ये तुम्ही हे सोडून सरळ नोकरी धरायच्या विचारात होतात, तेवढ्यात अमेरिकी सरकारची पाळत उघड करणारं स्नोडेन प्रकरण बाहेर आलं आणि तुम्ही थांबलात. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने हे सगळं छापलं, तेव्हा कुठे चक्रं हलली: फेसबुक आणि स्ट्राइप या पेमेंट कंपनीकडून वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर, लिनक्स फाउंडेशनच्या उपक्रमातून एकदाचे ६०,००० डॉलर आणि वर लोकांच्या देणग्या.

तहान लागल्यावर विहीर खणायची ही आपल्या धंद्याची जुनी खोड. वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएललाही वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही त्यातली गंभीर त्रुटी उघड झाल्यावर मग सगळ्यांनी खिसे चाचपले.

पण बातमीमुळे आलेला पैसा बातमीबरोबरच ओसरतो, आणि पुढच्या वर्षी पगार देता येईल की नाही हे ठाऊक नसेल तर माणूस नेमता येत नाही. बाउंटीनेही, म्हणजे एखाद्या कामावर लावलेल्या बक्षिसानेही, हे सुटत नाही. पाचशे डॉलर लावले की पॅच (दुरुस्तीचा कोड) येतो, कधी कधी चारही येतात, पण ते वाचायचे, चाचण्या चालवायच्या आणि पुढची दहा वर्षं सांभाळायचे ते मेंटेनरने, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याने. त्या वाचण्याचे पैसे बाउंटीत धरलेले नसतात.

तुम्ही यातून काढलेली वाट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. जीएनयूपीजी व्हीएस-डेस्कटॉप हे जर्मन सरकारी कामातल्या मर्यादित गोपनीय कागदपत्रांसाठी मंजूर झालेलं पॅकेज तुम्ही विकायला काढलंत. सोर्स कोड मुक्तच. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मंजुरी मिळालेल्या बिल्डचे (तयार प्रोग्रॅमचे) आणि सपोर्टचे. कुठल्याही कंपनीतल्या अकाउंट्सवाल्याला विचारा: देणगीला कुठलं खातं लावायचं हे त्याला कळत नाही, बिलाला कळतं. आणि जानेवारी २०२२ मध्ये तुम्ही जाहीर केलंत की आता देणग्यांची गरज उरलेली नाही. पेपाल-स्ट्राइपवरच्या मासिक देणग्या तुम्ही स्वतःच बंद केल्यात, आणि बँकेतून परस्पर पाठवणाऱ्यांना त्या थांबवून जास्त गरजू प्रकल्पांकडे वळवायला सांगितलंत. येणारा पैसा असा आपणहून परत फिरवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

इथल्या कंपन्यांना यातून काय घेता येईल? सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) परदेशी प्रकल्पाला पैसे द्यायचा बेत असेल तर तो सोडा. भारताबाहेरचं काम सहसा सीएसआरमध्ये धरत नाहीत. प्रकल्प चालवणाऱ्यांशी वार्षिक सपोर्टचा करार करा: आधी व्हेंडर म्हणून नोंद, मग पीओ (खरेदीचा आदेश), मग बिल. परदेशी सेवा असल्याने जीएसटी रिव्हर्स चार्जने आपण भरायचा, आणि टीडीएस कापायचा का हे रक्कम पाठवण्याआधीच सीएला विचारायचं, नंतर नाही. बहुतेक गाडी इथेच अडते: पीओ निघतो, पैसे बँकेत कागदांपायी पडून राहतात आणि तिकडचा माणूस वाट बघत बसतो. मार्चअखेर उरलेलं बजेट एकरकमी फेकण्यापेक्षा छोटी, पण दर वर्षी येणारी आणि आधी कळवलेली रक्कम बरी.

पैशांखेरीज दुसरा भार उत्तरांचा. जीपीजी वापरताना येणारी ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ ही चूक किती जणांनी किती वेळा विचारली असेल! पासफ्रेज विचारणाऱ्या पाइनएंट्रीला कोणत्या टर्मिनलवर यायचं हे कळत नाही, एवढंच कारण. जीपीजी_टीटीवाय या व्हेरिएबलमध्ये ‘टीटीवाय’ कमांडचं उत्तर (चालू टर्मिनलचं नाव) भरायचं आणि ती ओळ बॅशआरसी या सेटिंगच्या फाईलीत टाकायची, की काम झालं. हे उत्तर आपल्या टीममधल्या नवख्याला आपणच दिलं तर तेवढाच एक प्रश्न तुमच्या दारात येत नाही. थकलेल्या मेंटेनरला गाठून काय होतं, ते २०२४ मध्ये एक्सझेड या फाईली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलं. विनामोबदला काम करणाऱ्या माणसावर घाईचा दबाव आला, मदतनीस म्हणून आलेल्याने दोन वर्षं विश्वास कमावला आणि ५.६.० आवृत्तीत मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलं.

‘आता देणगी नको’ हे तुमचं म्हणणं आम्ही शब्दशः घेतलं आहे. जीएनयूपीजीच्या नावाने काढून ठेवलेली रक्कम दुसरीकडे जाईल. प्रकल्प निवडताना डाउनलोडचे आकडे बघणार नाही. रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) गेल्या वर्षभरात मर्ज करणारे, म्हणजे बदल स्वीकारून कोडमध्ये घेणारे, हात किती, ते मोजू, आणि उत्तर ‘एक’ आलं तर आधी तिथे विचारू: बिल देता का?

आपले,
सर्व्हर सांभाळणारे आणि गिटच्या टॅगवर सही करणारे काही मराठी लोक