आमच्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

यंदा माझी कथा एका दिवाळी अंकात आली. अंक तुमच्या टेबलावर पोहोचलाच असेल. समोर येऊन आभार मानले असते, तर "बरं बरं" म्हणून तुम्ही पुढच्या वाचकाचं कार्ड हातात घेतलं असतं. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

कथा लिहायचीय म्हटल्यावर तुम्ही मला लेखनाचं तंत्र सांगणारं पुस्तक दिलं नाहीत. एक कथा दिलीत, आणि परत करायला आले तेव्हा तीच पुन्हा वाचायला लावलीत, या वेळी झेरॉक्स काढून, पेन्सिल घेऊन. गोष्ट कोणाच्या नजरेतून दिसते, मधले कोणते दिवस गाळलेत, कुठली माहिती शेवटपर्यंत राखून ठेवली, हे समासात लिहायचं. एकेका कथेला आठवडा जायचा. भराभर वाचलेल्या दहा कथांनी मला तेवढं दिलं नसतं.

मग ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची कथा मनात आली. आपल्या बीड जिल्ह्यात हा विषय घरोघरचा, त्यामुळे सगळं ठाऊक आहे असंच कोणालाही वाटतं. तुम्ही विचारलंत, "उचल कोणाच्या नावावर आहे? ती कोयत्यात, म्हणजे तोडणीच्या जोडीत, नवऱ्याबरोबर आहे की दिराबरोबर? पहाटे फडात जाण्याआधी भाकरी कोण थापतं? मोळी गाडीपर्यंत कोण वाहतं?" त्या प्रश्नांची उत्तरं शोधायला मी गल्लीतल्या बायकांजवळ जाऊन बसले. मुकादमाने हंगामाआधी दिलेली उचल तोडलेल्या उसातून फिटते, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाचंही ठरूनच जातं. माझ्या कथेचा पेच तिथे सापडला. पात्राचं पोट कशावर चालतं हे आधी विचारायचं, ही सवय तुमची आहे.

शब्दकोश नुसता अडलं की उघडायचा नसतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. १९३२ पासून खंडाखंडाने निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश तुम्ही मला पानापानाने वाचायला लावलात. तो आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. खेड्यातल्या मुलीला पुस्तकं विकत घेणं जमत नाही, तिला हे कोणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत.

बाकीही पुष्कळ. खर्डा मोठ्याने वाचायचा, जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडायचं. लिहून झालं की महिनाभर कपाटात ठेवायचं. दिवाळी अंकाला पाठवायचं तर पावसाळ्याच्या तोंडाशीच, आणि एका वेळी एकाच संपादकाकडे. साभार परत आलं तर त्याच दिवशी दुसरीकडे पाठवायचं नाही, आधी पुन्हा वाचायचं.

पगार तुटपुंजा, वेळ संपून गेलेली, तरी कुलूप हातात घेऊन तुम्ही माझी पानं ऐकत उभ्या राहायचात. कथा लिहिणं हे कष्टाचं काम आहे असं मानून माझ्याशी बोलणाऱ्या तुम्ही पहिल्याच. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

दुसऱ्या कथेचा खर्डा तयार आहे, महिनाही भरलाय. शनिवारी घेऊन येते.

आपली,
एक वाचक