मलप्रभाकाठच्या पायी फेरीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारची पायी फेरी खानापूर तालुक्यात होईल. सकाळी सहा वाजता बेळगावहून बसने निघून खानापूरला उतरावयाचे आणि तेथून असोग्याच्या रामलिंगेश्वर मंदिरापर्यंत चालत जावयाचे आहे. वाटेत मोठा चढ नसल्याने ज्येष्ठ सभासदांनी अवश्य यावे.

सध्या भाताची सुगी चालू आहे. म्हणून शेतातून जाताना बांधावरून एकामागे एक चालावे आणि खळ्यावर पाय ठेवू नये. कणकुंबीला उगम पावून कूडलसंगमाला कृष्णेस मिळणारी मलप्रभा येथे शांत दिसत असली, तरी पात्रातील खडक निसरडे असल्यामुळे कोणीही पाण्यात उतरू नये.

दुपारी वाहनाने नंदगडला जाऊन, १८३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीचे दर्शन घेऊ व पुढे हलशी गाठू. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची प्राचीन नगरी पलाशिका. तेथील भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर असून, एकात नरसिंह व दुसऱ्यात वराह आहे. मागील फेरीत हे मंदिर घाईने पाहिले गेले याची खंत असल्याने यंदा त्यासाठी पूर्ण दीड तास राखला आहे. शिलालेखाची अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पीठ चोळण्याची सवय कृपया कटाक्षाने टाळावी. त्याने दगडाची हानी होते.

भाकरी व पाणी सोबत आणावे. नावे गुरुवारी सायंकाळपर्यंत चिटणीसांकडे नोंदवावीत.