नावाचा अर्थ कानावरून लावू नका

महोदय,
गावांच्या नावांचे अर्थ हल्ली कुणीही आजच्या उच्चारावरून लावतो आणि तिथेच घोळ होतो. बेळगावचं जुनं लिखित रूप वेणुग्राम, वेळुग्राम, म्हणजे बांबूचं गाव. ‘वेळू’ आपण अजूनही म्हणतो, इंग्रजी स्पेलिंगने मात्र त्यातला ‘ळ’ खाल्ला. कन्नड ‘हळ्ळी’ म्हणजे खेडं, ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा. फरक एका वेलांटीचा. ‘हिरे’ म्हणजे थोरलं, तेव्हा हिरेबागेवाडीत हिरे शोधू नयेत! कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळते ते कुडलसंगम. ‘कूडल’ म्हणजेही संगमच, एकच गोष्ट दोनदा. आधी जुनं लिखित रूप पाहावं, मग शेवटचं पद सुटं करावं, अर्थ त्यानंतर. दोन्ही भाषा बोलणारं जुनं माणूस गावात असेल तर त्यालाही विचारावं.

– एक वाचक, खानापूर